काच पुसायला पाणी कुठलं? वायपर हातात घेणाऱ्या नवख्यांसाठी

नवरात्र दोन दिवसांवर आलं होतं. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका कापड दुकानाची दर्शनी काच आम्ही दोघांनी पहाटे, रस्ता रिकामा असताना धुऊन घेतली. वायपरला नवं रबर, हात बसलेला, घाई अजिबात नाही. काच अशी झाली की समोरच्या टपरीवाल्यानं विचारलं, "काच काढून नेली का काय?" आम्ही चहा मारला आणि खुशीत घरी आलो. साडेनऊला मालकांचा फोन. "जरा या की इकडं. हे काय केलंय बघा."

जाऊन बघतो तर काचेच्या खालच्या अंगाला, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीलगत, पांढऱ्या ठिपक्यांची रांगच्या रांग. डाव्या कडेवरून दोन ओघळ उतरलेले, तेही पांढरे. मधली काच मात्र आरशासारखी. एक ठिपका जवळ जाऊन पाहिला, तर मधोमध जवळजवळ काहीच नाही आणि भोवती पांढरी कड, बारीक बांगडीसारखी. पाणी आम्ही त्याच इमारतीच्या बोअरच्या नळाचं घेतलं होतं.

माझं सगळं म्हणणं त्या काचेवरच दिसत होतं. वायपरच्या कामात पाणी मध्यावर दगा देत नाही, कडेला देतं. वायपर काचेवरचं बहुतेक पाणी ओढून नेतो. जे उरतं ते पट्टीच्या खाचेत, रबराच्या टोकाला आणि तुमच्या हातातल्या फडक्यात. तेवढं पाणी शुद्ध असलं की काम झालं. सगळी बादली शुद्ध हवी असं काही नाही, आणि सगळ्यात मळक्या काचेवर शुद्ध पाणी ओतणं म्हणजे चिखलाचे पाय गुलाबपाण्यानं धुणं.

ठिपका पांढरा का होतो

पाणी उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत. थेंब सुकताना त्याची कड आधी सुकते, मग मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि जाताना क्षार घेऊन जातं. म्हणून ठिपका भरीव न दिसता कड्यासारखा दिसतो. चहाच्या कपाखालचा डाग असाच असतो.

हे क्षार किती आहेत ते टीडीएसच्या आकड्यानं कळतं. एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेत, तो हा आकडा. त्यालाच पीपीएम म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. आता हिशेब करा : ५०० टीडीएसच्या एका लिटरात अर्धा ग्रॅम पावडर आहे. पोटाला त्याचं काही वाटत नाही, काचेला वाटतं. "आमचं पाणी प्यायला एक नंबर आहे" असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा मान डोलवायची आणि मीटर बुडवायचा.

कोल्हापुरात नळाचं पाणी पंचगंगेचं असो की काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचं, मुळात ते सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी. जमिनीत फारसं न मुरता आलेलं, त्यामुळं क्षार बेताचे. बोअरचं तसं नाही. ते काळ्या पाषाणाच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपत आलेलं असतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम गोळा करतं. तेच आपलं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या तळाला चुना धरतो, गिझरची कॉइल पांढरी पडते. अडचण अशी की बऱ्याच अपार्टमेंटमध्ये नळाचं आणि बोअरचं पाणी गच्चीवर एकाच टाकीत मिसळतं. कालचं पाणी आणि आजचं पाणी एक नसतं. म्हणून गिऱ्हाइकाच्या तोंडच्या माहितीवर काम सुरू करू नका. वॉचमनला विचारलं तर जास्त खरं कळतं.

टीडीएस मीटर पेनाएवढा असतो आणि फार महाग नसतो. वायपरच्या आधी तो घ्या, असं मी म्हणेन. वापरायचा कसा? टोक आधी त्याच पाण्यानं दोनदा विसळायचं, मग बुडवायचं, जरा हलवून अडकलेला बुडबुडा काढायचा आणि आकडा स्थिर होऊ द्यायचा. बोट लागलं तरी घामाचं मीठ त्यात उतरतं. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. म्हणजे जे वीज वाहून नेत नाही ते त्याला दिसत नाही. गाळ दिसत नाही, तेल दिसत नाही. जुलैत नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा मीटर निवांत कमी आकडा दाखवतो आणि काचेवर मातीची पातळ साय उरते. अशा दिवसांत पाणी रात्रभर ठेवून निवळ वरचं घ्यायचं आणि पंच्यातून गाळायचं. तुरटी फिरवली तर गाळ खाली बसेल, पण क्षार जाग्यावरच राहतील, हेही लक्षात असू द्या.

माझा ढोबळ नियम असा आहे. १० च्या आत आकडा असेल तर थेंब काचेवर तसाच सुकू दिला तरी चालतो. ५० च्या आसपास असेल तर फडक्यानं टिपून घेतलं की निभतं. शंभर-दीडशेच्या पुढं गेलं की ते पाणी मळ काढण्यापुरतं. शेवटचा हात त्यानं द्यायचा नाही.

शुद्ध पाणी आणायचं कुठून

इथं एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. परदेशात लांब दांड्याच्या ब्रशला नळी जोडून शुद्ध पाण्यानं काचा धुतात आणि न पुसता सुकू देतात. त्या पद्धतीत मिनिटाला लिटर-दोन लिटर पाणी सहज जातं. त्याला मशीनच लागतं. वायपरवाल्याला मात्र अख्ख्या बंगल्याला शुद्ध पाणी पाच-सात लिटर पुरतं. एवढं पाणी विकत घेतलं तरी धंदा बुडत नाही.

घरचा आरओ सगळ्यांच्या आधी आठवतो. आरओची जाळी क्षार अडवते हे खरं, पण आपल्याकडच्या घरगुती मशीनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर नाहीतर मिनरलची कांडी बसवलेली असते. म्हणजे काढलेले क्षार थोडे परत घालतात. त्यामुळं 'आरओचं आहे' एवढ्यावर जाऊ नका, मोजा. पन्नासच्या आत आलं तर चांगलं. वीस लिटरच्या जारचं पाणी विकत घेत असाल तर तेही मोजूनच. दोन ठिकाणचे जार सारखे असतील असं नाही.

आणि आरओचं वेस्ट पाणी! वहिनी-काकू मोठ्या काटकसरीनं ते बादलीत साठवतात आणि "हे घ्या, फिल्टरचं पाणी आहे, काचेला चांगलं" म्हणून पुढं करतात. त्यांचा हेतू चांगला, पण फिल्टरनं जे क्षार काढले ते सगळे त्याच बादलीत आलेत. नळाच्या पाण्यापेक्षा ते वाईट. फरशी पुसायला, संडास धुवायला वापरा. काचेला आणि गाडीला नको.

बॅटरीच्या दुकानात मिळणारं बॅटरी वॉटर हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो. इन्व्हर्टरमध्ये घालतात तेच. पाच लिटरचा कॅन घ्यायचा, त्यावर 'डिस्टिल्ड' नाहीतर 'डीमिनरलाइज्ड' लिहिलंय का बघायचं आणि तरीही दुकानातच मीटर बुडवायचा. दुकानदार हसेल, हसू दे. आकडा एक अंकी यायला हवा. एकच सावधगिरी : बॅटरीचं अ‍ॅसिडही तसल्याच कॅनमध्ये मिळतं. कॅन सीलबंद घ्या, दुसऱ्याच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून आणू नका.

एसीचं पाणी फुकट आणि चांगलं. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून ते गळतं, म्हणजे एक प्रकारे ऊर्ध्वपातनच झालं. क्षार नावाला असतात. पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी त्यात उतरते, म्हणून गाळून घ्या आणि शिळं करू नका. प्यायचं तर नाहीच. दमट दिवसात दुकानाच्या एसीखाली बादली ठेवली की दिवसभरात कामापुरतं सहज जमतं.

पावसाबद्दल मी जरा जास्त लिहिणार, कारण कोल्हापुरात राहून पाणी विकत घ्यायचं हे मला पटत नाही. ढगातून आलेलं पाणी जवळजवळ शुद्धच असतं, बिघडतं ते खाली आल्यावर. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या. हवेतली धूळ, धूर, छपरावरची घाण त्यांना धुऊन नेऊ दे. मग पाणी कशावरून गोळा करता ते महत्त्वाचं. सिमेंटच्या स्लॅबवरून आलेलं पाणी सिमेंटातला चुना घेऊन येतं आणि मीटर लगेच चढतो. स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद उघड्यावर चार कोपऱ्यांनी बांधून मध्ये खोलगट केला आणि खाली पिंप ठेवलं की झालं. आम्ही गच्चीवर असंच करतो. पाणी गाळून, झाकण घट्ट लावून, अंधारात ठेवायचं. उजेडात शेवाळ धरतं आणि झाकण सैल राहिलं की डासांची सोय होते. कॅनवर तारीख आणि टीडीएस मार्करनं लिहून ठेवा.

ज्यांना रोजचं काम आहे त्यांनी डीआय रेझिनच्या नळकांड्याचा विचार करावा. त्यातले मणी पाण्यातले क्षार धरून ठेवतात आणि शून्याच्या जवळचं पाणी देतात. मणी किती चालतील हे तुम्ही आत काय घालता यावर आहे : आतलं पाणी निम्म्या टीडीएसचं असेल तर मणी साधारण दुप्पट चालतात. म्हणून आधी आरओ, मग डीआय. थेट बोअर जोडाल तर मणी बघता बघता संपतील.

सॉफ्टनरचं नाव यात घेतलं नाही कारण तो आपल्या कामाचा नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. फेस छान येतो, डाग पुसायला सोपा जातो, पण टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो आणि थेंब सुकला की ठिपका पडतोच. उकळलेल्या पाण्याचंही तेच. थोडा चुना भांड्याला बसतो, बाकीचे क्षार उलट आटून घट्ट होतात.

सामान

वायपर म्हणजे फरशीचा नव्हे. काचेचा वायपर, ज्याला सामानाच्या दुकानात स्क्वीजी म्हणतात. सध्याच्या घाटाचा, एकाच पात्याच्या रबराचा हलका वायपर एतोरे स्टेक्कोने या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या काच पुसणाऱ्यानं १९३६ मध्ये आणला, आणि गंमत म्हणजे त्यानंतर त्यात मुळातून बदलावं असं फारसं काही कुणाला सुचलेलं नाही. नवख्यानं १२ नाहीतर १४ इंची घ्यावा. १८ इंचीचा मोह होतो, पण मनगट तयार नसताना तो मध्येच सुटतो. लहान तावदानांसाठी ६ इंची एक असू द्या.

सगळा जीव रबरात असतो. बोटानं धार चाचपून बघा. बारीकशी खोच असली तरी काचेवर तेवढी रेघ दर वेळी उमटणार. एक धार गेली की रबर उलटं घाला, दोन्ही गेल्या की बदला. रबर वायपरच्या धातूच्या दोन्ही टोकांना तीनेक मिलिमीटर बाहेर आलेलं हवं, नाहीतर तो धातू खिडकीच्या पट्टीला घासतो आणि कड कोरडी होत नाही.

बाकी : पाणी लावायला फरची बाही घातलेला टी-आकाराचा दांडा, म्हणजे वॉशर. दोन बादल्या. एक स्प्रेची बाटली. धारदार स्क्रॅपर. आणि फडकी. मायक्रोफायबर चांगलंच, पण आजोबांचं शंभरदा धुतलेलं धोतर मिळालं तर सोडू नका, त्याचा धागा सुटत नाही. फडकी धुताना कंफर्टसारखं सुगंधी काही घालू नका. कापड पाणी प्यायचं थांबवतं. आणि शेवटचं विसळणं शुद्ध पाण्यात करा. हे कुणी सांगत नाही. बोअरच्या पाण्यात धुऊन वाळवलेल्या फडक्यात क्षार बसलेलेच असतात. ते काचेवर ओलं झालं की तुमचं शुद्ध पाणी तिथंच संपलं.

साबण भांड्याच्या लिक्विडचा. कपड्यांची पावडर नको, तिच्यात सोडा आणि भर असते, ती पांढरी साय धरते.

आता काम

आधी कोरडी काच बघा. कुठं काय चिकटलंय, काच कुठं फुटकी आहे, पट्टी सैल आहे का. काही आधीपासून ओरखडलेलं दिसलं तर तेव्हाच मालकांना बोलावून दाखवायचं. नंतर दाखवलं तर ते तुम्हीच केलेलं असतं.

धूळ कोरडीच झाडायची. स्लायडिंगच्या ट्रॅकमधली माती जुन्या ब्रशनं काढून घ्या, नाहीतर ती ओली होऊन चिखल होतो आणि वायपरच्या टोकाला लागून वर काचेवर जातो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या बाजूला फाउंड्रीची बारीक पूड काचेवर बसते. तिच्यात वाळू आणि लोखंडाचे कण असतात, त्यामुळं तिथं कोरडं फडकं काचेवर फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. मऊ ब्रश, मग भरपूर पाणी.

पहिली बादली साध्या नळाच्या पाण्याची, साबण घालून. वॉशर भिजवा, पिळा, सगळी काच चोळा, कोपरे दोनदा. चुन्याचे, रंगाचे शिंतोडे असतील तर काच ओली असतानाच स्क्रॅपर चालवायचा, एकाच दिशेनं, मागं ओढायचा नाही; मागं येताना खाली अडकलेला खडा ओरखडा काढतो. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या, काचेवर स्क्रॅपर शक्यतो टाळा. भट्टीत काच तापवताना तिच्या अंगावर बारीक कण चिकटून राहिलेले असू शकतात आणि ते पात्याखाली सुटले की एका झटक्यात केसासारख्या शेकडो रेघा. त्या पुसल्या जात नाहीत. भरपाई मात्र तुमच्या खिशातून जाते.

हे मळकं पाणी वायपरनं ढोबळ ओढून टाका. काच अजून चकचकीत करायची नाही.

दुसरी बादली शुद्ध पाण्याची. तीन-चार लिटर पुरे. साबण किती? नळाच्या पाण्यात जेवढा घालता त्याच्या निम्म्याहून कमी. मी चार लिटरला पाव चमचा घालतो आणि तोही मोठ्या काचेला. हलक्या पाण्यात साबण वाया जात नाही, जड पाण्यात मात्र त्यातला बराचसा आधी कॅल्शियमशी झटापट करण्यात जातो. सवयीनं जुन्या मापानं घातलात तर फेसाचा डोंगर होईल आणि क्षारांऐवजी साबणाच्या रेघा उरतील. पटत नसेल तर मीटर लावा : शून्याच्या पाण्यात साबण पडला की आकडा चढलेला दिसेल. शुद्ध पाणी साबण घातल्यावर शुद्ध उरत नाही.

मग साबण घालायचाच कशाला? कारण नुसत्या शुद्ध पाण्यावर रबर सरकत नाही. कर्र कर्र करत उड्या मारत जातं आणि प्रत्येक उडीला एक आडवी रेघ ठेवतं. शिवाय काचेवर बोटांचं तेल असेल तर नुसतं पाणी गोळा होऊन थेंब धरतं, पसरत नाही. दोन-चार थेंब साबण पाण्याला पसरवतो आणि रबराला घसरण देतो. त्याचं काम तेवढंच.

या बादलीत पहिल्या बादलीचा वॉशर बुडवलात की संपलं. दुसरी बाही ठेवा. एकच असेल तर आधी नळाखाली खळखळून धुवा, घट्ट पिळा, मग बुडवा. पाणी धुरकट दिसायला लागलं की बदला, जीव तोडून वाचवू नका.

शुद्ध पाण्यानं काच सारखी ओली करून घेतली की वायपर. वरच्या कडेला पट्टीलगत बोटभर काच फडक्यानं कोरडी करा. ओल्यात वायपर टेकवला की वरून ओघळ सुटतो, कोरड्यात टेकवला तर सुटत नाही. वायपर काचेशी साधारण ३० ते ४५ अंशात धरा, दाब बेताचा आणि शेवटपर्यंत तोच. डावीकडून सुरू करून वरून खाली सरळ ओढा. प्रत्येक ओढीनंतर रबर फडक्यानं पुसा. दरवेळी. कंटाळा करू नका. पुढची ओढ आधीच्या कोरड्या भागावर दोन बोटं चढलेली हवी. नागमोडी, न उचलता पुसण्याची जी पद्धत व्हिडिओत दिसते ती सुंदर आहे, पण ती दुसऱ्या महिन्यात. पहिले पंधरा दिवस घरच्या खिडकीवर सरळ ओढा.

काच कोरडी झाली. आता कडा, म्हणजे जिथं माझं नाक कापलं गेलं ती जागा. बिनसाबणाचं शुद्ध पाणी स्प्रेच्या बाटलीत असतं. ते थेट काचेवर मारायचं नाही, फडक्याच्या टोकावर दोन फवारे मारायचे. त्या ओलसर टोकानं चारही कडांची खाच एकदा फिरवून घ्या. तिथं अडकलेलं साबणाचं आणि मळाचं पाणी निघून येतं. मग कोरड्या टोकानं टिपा. बोटाच्या टोकाला फडकं गुंडाळून खाचेत सरकवायचं, घासायचं नाही. यानंतर पट्टीच्या आतून एखादा थेंब उतरलाच, तर तो आता शुद्ध पाण्याचा असेल आणि सुकल्यावर त्याची खूण राहणार नाही. त्या पहाटे आमच्याकडं अर्धा लिटर बॅटरी वॉटर असतं तरी पुरलं असतं.

शेवटी मोबाईलची बॅटरी लावून काचेला जवळजवळ समांतर धरा. समोरून जे दिसत नाही ते बाजूच्या उजेडात सगळं दिसतं. कोल्हापूरकरांना तिरक्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत पोचतात, तेव्हा पश्चिमेकडं तोंड असलेल्या दुकानाच्या काचेला सोडतील होय? अशा काचेचं काम संध्याकाळी एकदा बाहेरून बघून मगच सामान आवरा.

ऊन थेट काचेवर असताना काम नको, पाणी ओढायच्या आत सुकतं. सकाळी पश्चिमेच्या काचा, दुपार कलली की पूर्वेच्या. गळीत हंगामात ज्या भागात साखर कारखान्याची काजळी पडते तिथं ती हातानं झटकू नका, फासली जाते. आधी पाणी सोडा.

ग्रिल आणि जाळी

आपल्या घरांत बाहेरून लोखंडी ग्रिल असतं आणि तिथं वायपर जातच नाही. अशा ठिकाणी शुद्ध पाणी खरं कामाला येतं. आतून हात घालून वॉशरनं काच चोळायची आणि मग शुद्ध पाण्याच्या फवाऱ्यानं वरून खाली निथळू द्यायची, पुसायची नाही. त्यासाठी शेतीचा पाठीवरचा १६ लिटरचा पंप झकास चालतो. पंप नवा कोरा घ्या. शेतावर तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी नको. खाली वहिनींची तुळस असते. ग्रिलला गंज असेल तर वरून येणारं पाणी तांबडं येईल, म्हणून आधी ग्रिल ओल्या फडक्यानं पुसून घ्या. इथं साबण जवळजवळ नकोच आणि टीडीएस दहाच्या आत हवाच, कारण काही टिपायला मिळत नाही.

पहिल्या मजल्याच्या वर खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहून काम घेऊ नका. पट्टा, दोर आणि माणूस असल्याशिवाय नाही म्हणायला शिका. आणि लांब दांडा उचलायच्या आधी डोक्यावर विजेची तार आहे का बघा.

जुने पांढरे डाग

शुद्ध पाणी नवे डाग पडू देत नाही, जुने काढत नाही. बोअरच्या पाण्याच्या बागेच्या फवाऱ्यानं वर्षभर भिजलेली काच असेल तर तिला आंबट लागतं. पांढरा व्हिनेगर, नाहीतर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून. फडकं भिजवून डागावर पाच-दहा मिनिटं धरा, चोळा, भरपूर पाण्यानं धुवा, शेवटचं पाणी शुद्ध. मात्र खालचा कट्टा बघून घ्या. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड आहेत, आंबट पडलं की पॉलिश जाऊन पांढुरका डाग पडतो आणि तो कायमचा. संगमरवराचंही तेच. प्लॅस्टिक अंथरा, वर जुना टॉवेल. ब्लीच तर जवळपासही नको, आंबटाशी मिसळलं की विषारी वायू सुटतो. आणि 'काचेवरचा कुठलाही डाग मिनिटात' म्हणून बिननावाच्या बाटलीतून जे अ‍ॅसिड विकतात त्याला हात लावू नका. त्यात हायड्रोफ्लोरिक असेल तर ते काचही खातं आणि बोटाचं हाडही. काही डाग काचेत उतरलेले असतात, त्यांना पॉलिशवालाच लागतो. तसं मालकांना काम घेतानाच सांगावं.

ते कापड दुकान अजून आमच्याकडंच आहे. त्या दिवशी आम्ही फुकट परत पुसून दिली, टपरीवाल्याच्या समोरच. आता दर खेपेला गाडीच्या डिकीत एक पाच लिटरचा कॅन असतो, त्यावर मार्करनं आकडा लिहिलेला. गेल्या वेळी मालकांनी स्वतःच कॅन उचलून बघितला. "एवढ्याशा पाण्यात?" म्हणाले, आणि घरच्या खिडक्यांचं किती घेणार ते विचारलं.